तोंडपाठ तक्ता

उपचार यशस्वी झाला की नाही, हे ठरवण्याचा अधिकार नेत्रविभागात रोग्याला नव्हता, आणि ते योग्यच होतं. रोगी भावनाप्रधान असतात. हा अधिकार तपासणीच्या खोलीत भिंतीवर टांगलेल्या अक्षरांच्या तक्त्याकडे होता. तक्ता रजेवर जात नसे, उलट बोलत नसे आणि विभाग सुरू झाल्यापासून एकदाही बदलला गेला नव्हता. रोग्यानं सगळ्यात खालची ओळ वाचली की औषध लागू पडलं, असा नियम होता. नियम सोपा असल्यामुळे त्यावर विचार करण्याची वेळ कुणावर येत नसे.

गुरुजी या विभागात आले ते एकच डोळा घेऊन. डावा लहानपणी खेळताना काठी लागून गेला होता, तेव्हा उजव्यावरच सगळा संसार. सारी हयात त्यांनी शाळेत मुलांकडून पाठांतर करून घेण्यात घालवली होती. एके सकाळी त्यांना दाराची चौकट मधोमध वाकडी दिसली आणि त्यांनी सुताराचा उद्धार केला. दुपारी खिडकीचे गजही वाकडे दिसले, तेव्हा सुतार निर्दोष सुटला आणि गुरुजी डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरसाहेब म्हणाले, डोळ्याच्या पडद्यामागे नको त्या रक्तवाहिन्या वाढून पाझरताहेत, पडद्याला सूज आली आहे. पण औषध रामबाण आहे. दर महिन्याला, न चुकता, डोळ्यात इंजेक्शन. मोठमोठ्या अभ्यासांत सिद्ध झालेलं.

ते खरंही होतं. पहिली काही इंजेक्शनं वेळेवर मिळाली आणि चौकट सरळ झाली. काकूंच्या, म्हणजे त्यांच्या पत्नीच्या, हनुवटीवरचा तीळसुद्धा गुरुजींना स्वच्छ दिसू लागला. तसं त्यांनी सांगितलं तर काकू म्हणाल्या, एवढी वर्षं काय करत होतात? पण त्या दिवशी त्या आरशासमोर जरा जास्त वेळ उभ्या राहिल्या.

मग रोजचा व्यवहार सुरू झाला. एकदा औषधाचा फ्रीज बंद पडला. एकदा पडद्याचा फोटो काढणारं मशीन बिघडलं. ते दुरुस्तीला गेलं आणि बहुधा तिकडेच रमलं. एकदा डॉक्टरसाहेब परिषदेला गेले होते. तिथे त्यांचं भाषण होतं, ‘वेळेवर उपचारांचं महत्त्व’ या विषयावर. महिन्याचं इंजेक्शन आता हंगामातून एकदा मिळू लागलं. गुरुजींनी खिडकीतल्या कारकुनाला विचारलं की, त्या मोठ्या अभ्यासात औषध असंच द्यायचे का?

“औषध तेच आहे हो,” कारकून म्हणाला. “त्या अभ्यासातल्या लोकांना न्यायला गाडी यायची, आदल्या दिवशी फोन यायचा. तुम्हाला बस आहे. एवढाच फरक.”

त्या एवढ्याशा फरकानं चौकट पुन्हा वाकली, आणि या वेळी मधोमध एक राखाडी डागही बसला. मशीन नसल्यामुळे आता सगळी भिस्त तक्त्यावर होती, आणि तक्त्याचा कारभार पाहणाऱ्या बाईंवर. त्यांना सगळे तक्तेबाई म्हणत. बाई मनानं वाईट नव्हत्या, पण त्यांच्या खोलीचा निकाल खालावला की वरून विचारणा होई, म्हणून वाचता न येणाऱ्याला त्या फैलावर घेत. एवढं महागाचं औषध घेता आणि शेवटची ओळ येत नाही? खोलीचं दार कायम उघडं असे. बाकावर बसलेल्या प्रत्येकाला आतलं वाचनही ऐकू येई आणि बोलणीही.

गुरुजींच्या आधी एक निवृत्त ड्रायव्हर आत गेला. प्रामाणिक माणूस, काही दिसत नाही म्हणाला. त्याच्या कागदावर ‘औषधाला प्रतिसाद नाही’ असा शेरा बसला आणि त्याचं इंजेक्शन बंद झालं. प्रतिसाद न देणाऱ्यावर औषध वाया का घालवायचं? ज्याला दिसतं, त्याला औषधाची घाई नाही. ज्याला दिसत नाही, त्याला औषधाचा उपयोग नाही. विभागाचं धोरण असं दोन्ही बाजूंनी पक्कं होतं. आता पाळी गुरुजींची होती. एकच डोळा, आणि तोही आता या खुर्चीत बसून नापास व्हायचा.

ते खुर्चीत बसले. समोर डाग होता. डागाच्या जागी तक्ता असावा, असं त्यांनी मानलं. बाकावर बसून बसून सगळ्या ओळी त्यांच्या कानात मुरल्या होत्या. तोंड उघडलं आणि वरच्या ‘र’पासून खालच्या ‘ठ’पर्यंत सगळी अक्षरं घडाघडा बाहेर पडली.

“शाब्बास,” तक्तेबाई म्हणाल्या.

हा शब्द गुरुजींनी जन्मभर वाटला होता, त्यांच्या वाट्याला मात्र क्वचित आला होता. त्यांना बरं वाटलं. खोटं कशाला बोला? प्रगती उत्तम असल्यामुळे पुढचं इंजेक्शन लांबणीवर टाकण्यात आलं. पुढच्या वेळी डाग मोठा झाला होता, वाचन आणखी सुधारलं होतं, आणि तारीख आणखी लांब गेली.

बाकावरच्या मंडळींनी हे हेरलं. नाव कटण्यापेक्षा तारीख लांबलेली परवडली, हे प्रत्येकाला कळत होतं. कुणीतरी हळूच विचारलं, गुरुजी, तिसरी ओळ जरा सांगता का? हाडाचा शिक्षक नाही कसं म्हणेल? थोड्याच दिवसांत बाकावर वर्ग भरू लागला. मंद विद्यार्थ्यांना गुरुजी ओळी चालीवर म्हणायला लावत. विभागाचा निकाल इतका वाढला की अभ्यासातले आकडे मागे पडले. तक्तेबाईंना वर्गाचा आवाज ऐकू येत असणारच, पण त्यांनी पहिल्यांदाच दार लावून घेतलं.

घरी गुरुजींनी टेबलक्लॉथवर चहा ओतला, खुंटीवरच्या कोटाला ‘या, बसा’ म्हटलं. काकूंनी डॉक्टरसाहेबांची वाट अडवली आणि सांगितलं, ह्यांना दिसत नाही हो. साहेबांनी सौजन्यानं कागद उघडून दाखवला. शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात. काकू म्हणाल्या, कालच मला शेजारीण समजून माझीच चौकशी केली. साहेब म्हणाले, विसराळूपणा वयानुसार येतो, त्याचा विभाग दुसऱ्या मजल्यावर आहे.

असा निकाल लपून राहत नाही. वरचे साहेब विभागाचं कौतुक करायला येणार, असं ठरलं. भिंत रंगवण्यात आली. तक्ता सोनेरी चौकट बसवायला पाठवला, आणि चौकटवाल्यानं तो वेळेवर परत दिला नाही. पाहुणे येऊन बसले, फुलं देऊन झाली, आणि आदर्श रोगी म्हणून गुरुजींना खुर्चीत बसवलं, काकूंना पाहुण्यांच्या मागच्या रांगेत. तक्तेबाईंनी कोऱ्या भिंतीकडे पाहिलं, मग वरच्या साहेबांकडे पाहिलं, आणि सवयीनं छडी उचलून भिंतीवर टेकवली.

गुरुजींनी वाचलं. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, एकही चूक न करता. टाळ्यांचा कडकडाट झाला. पाहुणे गुरुजींकडे बघत होते, फोटो काढणाराही.

“भिंतीवर काही नाहीये,” काकू उभ्या राहून म्हणाल्या.

सगळ्यांनी पहिल्यांदाच भिंतीकडे पाहिलं. पण वरचे साहेब काही उगीच वर पोहोचले नव्हते.

“म्हणजे तक्ता नसतानाही वाचतात,” ते भारावून म्हणाले. “औषध अपेक्षेपेक्षा प्रभावी दिसतंय.”

या वेळच्या टाळ्या आधीपेक्षा मोठ्या होत्या.

पाहुणे फराळाला गेले, तेव्हा डॉक्टरसाहेबांनी गुरुजींना आणि काकूंना आतल्या अंधाऱ्या खोलीत नेलं आणि कितीतरी दिवसांनी स्वतः गुरुजींच्या डोळ्यात पाहिलं.

“खोटं का सांगितलंत, गुरुजी?”

“तुम्ही वाचा म्हणालात, मी वाचलं. दिसतं का, असं कुणी विचारलंच नाही.”

साहेबांनी सांगितलं की, पडद्याच्या मधोमध आता वण झालाय. वणावर हे औषध चालत नाही. मग अगदी मनापासून हळहळून ते म्हणाले, “जरा आधी आला असतात तर...”

“मी दर वेळी आलो होतो,” गुरुजी म्हणाले.

त्यांनी काकूंना जवळ बोलावलं. मान तिरकी केली तर त्यांना काकूंचा कान दिसत होता आणि पदराचा काठ. चेहरा होता तिथे डाग होता. ते रडले. आयुष्यात पहिल्यांदाच ते कुणासमोर रडले, आणि काकूंनी त्यांना रडू दिलं.

विभागाला प्रशस्तिपत्र मिळालं. निकालात गुरुजींचा डोळा बरा झालेल्यांत मोजलेला आहे. एकदा वाचलेली शेवटची ओळ परत घेण्याची तरतूद नियमांत नाही.

तुम्ही हसलात, ठीक आहे, हसण्यासारखंच आहे. पण कालच घरात कुणीतरी कामातून मान वर न काढता तुम्हाला ‘बरं आहे ना?’ म्हणून विचारलं, आणि तुम्हीही तितक्याच सफाईनं ‘एकदम बरं आहे’ म्हणालात. विचारणाऱ्यानं तुमच्याकडे पाहिलं नाही, आणि दोघांचाही निकाल उत्तम लागला.