धुडकूआप्पांचा फुटबॉलचा सिनेमा

धुडकूआप्पांना ब्लॅक अँड व्हाइट सिनेमात रंग दिसायचे.

"हिरोनं बनियन रानी कलर," ते सांगायचे, "समोरच्या पार्टीनं फिरोजी. पक्का रंग शे, धुतल्यावर जावाव नही."

टीव्हीवर काळं आणि त्याहून जरा कमी काळं, एवढे दोनच रंग. पण बमरोलीच्या मिलवस्तीतल्या आमच्या चाळीत त्यांच्याशी वाद घालणार कोण? आप्पा डाइंग मिलच्या कलर किचनमध्ये होते. रंग कालवण्यात उभा जन्म गेलेला. मिलमध्ये कोणत्या रंगाची ऑर्डर चालू आहे, ते त्यांच्या हातांवरून कळायचं. त्यांच्या जांभळ्या हातांनी वाढलेली खिचडी मी खाल्ली आहे आणि अजून जिवंत आहे.

जगातल्या कुठल्याही गोष्टीवर त्यांचा निकाल एकच : "शेड जमत नही." भाजीतलं मीठ असो, कुणाच्या पोरीचं स्थळ असो की दिल्लीतलं नवं सरकार. एकदा मी नवा शर्ट घालून त्यांना माझ्या बढतीची बातमी सांगायला गेलो. त्यांनी मला दारातल्या उजेडात उभं केलं, वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "शेड जमत नही, भाऊसाहेब." शर्टाची की बढतीची, हे विचारायचा धीर मला झाला नाही.

केबल आली आणि नाक्यावरची व्हिडिओ लायब्ररी बसली. मालकाने उरलेल्या कॅसेटी वाटून टाकल्या. मारामारीच्या हिंदी कॅसेटी लोकांनी पळवल्या. आप्पा मिल सुटल्यावर पोचले तेव्हा एकच शिल्लक होती, कुणी हात न लावलेली. जुना अमेरिकन सिनेमा. त्यात कॉलेजची पोरं डोक्यावर टोप घालून, अंड्यासारखा चेंडू काखोटीला मारून पळतात, एकमेकांवर कोसळतात आणि उठली की गाणं म्हणतात. मैदानाच्या कडेला मुली पाय उडवत नाचतात. याला ते लोक फुटबॉल म्हणतात.

"पाय तर कोणी लावतच नाही!" चाळीतल्या कुणीतरी हरकत घेतली.

"हुतूतूच शे," आप्पा म्हणाले. विषय संपला.

दर रविवारी दुपारी दोनला आप्पांच्या खोलीत तोच सिनेमा. सुरुवातीला माणसं नाचणाऱ्या मुलींसाठी यायची, नंतर आप्पांसाठी यायला लागली. इंग्रजीचं अक्षर येत नसताना ते पूर्ण सिनेमा अहिराणीत सांगायचे. हिरो म्हणजे एक काडीपैलवान पोरगा, ज्याला शेवटपर्यंत बाकावर बसवून ठेवतात. त्याचं नाव आप्पांनी संजू ठेवलं होतं.

का, ते कुणी विचारलं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं. संजू हा आप्पांचा एकुलता एक मुलगा, आमच्या चाळीतून इंजिनिअरिंगला गेलेला पहिला. बडोद्याला दुसऱ्या वर्षी नापास झाला आणि हॉस्टेल सोडून गेला. 'मला शोधू नका' एवढं एक कार्ड आलं, त्यालाही अडीच वर्षं झाली होती. दर दोन महिन्यांनी आप्पा बडोद्याची गाडी पकडायचे, दिवसभर कॉलेजच्या फाटकापाशी उभे राहायचे आणि परत यायचे. त्याच काळात त्यांच्या बायकोची, आमच्या जिजींची, दृष्टी काचबिंदूने गेली.

जिजी भिंतीला टेकून बसायच्या. आप्पा सिनेमा सांगायचे तो त्यांना. आम्ही आपले फुकटे श्रोते. आप्पांच्या सिनेमात दर पंधरा मिनिटांनी संजू आईला भेटायला घरी जायचा. झगझगीत झगा घालून एक बाई जिन्यावर गायला लागली, की आप्पा म्हणायचे, "हाई संजूले सांगी राहिनी, तुनी माय वाट देखी राहिनी, पहिले घर जा."

"मंग माय काय करी राहिनी?" जिजी विचारायच्या. आणि आप्पांना चेव यायचा.

आता माझा पराक्रम. मी बी.ए., थर्ड क्लास. त्या सिनेमातलं इंग्रजी मला तिनात एक वाक्य कळायचं, म्हणजे चाळीत सर्वांत जास्त. एका रविवारी जळगावहून मेहुणा आला होता. त्याच्यावर छाप पाडायला मी मोठ्याने म्हणालो, "आप्पा, त्या पोराला या सिनेमात आईच नाही. आणि शेवटी तो घरीबिरी जात नाही, त्या पोरीबरोबर नाचायला जातो."

आप्पांनी आपल्या हातांकडे पाहिलं. त्या आठवड्यात ते हळदीसारखे पिवळे होते. मग उठून टीव्ही बंद केला. "भाऊसाहेबास्ले इंग्लिश येस," एवढंच म्हणाले.

पुढचे दोन रविवार सिनेमा लागला नाही. आमच्या हिने मुद्दाम बिनमिठाचं वरण नेऊन दिलं, निदान 'शेड जमत नही' तरी म्हणतील म्हणून. आप्पांनी ते मुकाट्याने खाल्लं. घरी येऊन ती मला म्हणाली, "बी.ए.ला इंग्रजीत किती मार्क होते हो तुम्हाला?"

तिसऱ्या रविवारी आप्पा बडोद्याला गेले. मी जिजींकडे गेलो. त्या लसूण सोलत होत्या.

"जिजी, माझं चुकलं," मी म्हणालो. "आई आहे त्या सिनेमात. मलाच कळलं नव्हतं."

जिजी हसल्या. "नही शे, भाऊ. कितला दिवसपासून ऐकस मी. म्हातारी बाईना आवाज एकबी नही त्यामा."

मी त्यांच्या पुढ्यातला लसूण उचलून सोलायला लागलो.

"संजूबी येवाव नही. तेबी माले ठावं शे."

"मग आई काय करते, असं विचारता कशाला?"

जिजींनी लसणाचं टरफल फुंकून उडवलं. "मी इचारं नही तर ते बोलतीन कोनसंगे? आठवडाभर पोऱ्यानं नाव काढतस नही. फक्त त्या दोन घंटा काढतस." दुसरी पाकळी उचलत म्हणाल्या, "दोन रविवार व्हयनात, ह्या घरमा संजूनं नाव नही."

आप्पा सोमवारी परत आले. एकटेच.

पुढच्या रविवारी दोन वाजता मी बायकोला घेऊन, कुणी न बोलावता त्यांच्या खोलीत जाऊन बसलो. कॅसेट मीच घातली. आप्पा दारातच उभे राहिले.

"भाऊसाहेब, तुम्हाले तर समदं समजस."

"काही समजत नाही, आप्पा. त्या दिवशी उगाच शायनिंग मारली."

बँड वाजला, मुली नाचून गेल्या, पोरं मैदानात उतरली. खोलीत नुसतं इंग्रजी चाललं होतं आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तो सिनेमा मला कमालीचा रडका वाटला. जिजींनी तोंड माझ्याकडे वळवलं होतं. मी खाकरलो.

"आप्पा, हा संजू आता कुठे निघाला?"

मग आप्पा आत आले, जिजींच्या शेजारी भिंतीला टेकून बसले.

"घर," ते म्हणाले. "मायले भेटाले."

टीव्हीवर दहा-बारा माणसं एकमेकांवर पडली होती. त्यांतून घरी जाताना मला तरी कोणी दिसत नव्हतं. जिजींनी मात्र पदर सावरला आणि जरा सरकून शेजारी आणखी एकापुरती जागा केली.