मध्ययुगातलं मांजर आणि मास्तरांची गोण

मध्ययुगात मांजराला काय मान होता, हे सांगावं तर पिंगुळीच्या सदानंद मास्तरांनीच! असं खुद्द मास्तरांचंच मत होतं. संध्याकाळी वाचनालयात त्यांचं याच विषयावर व्याख्यान होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच नीरजाबाई नवऱ्याला ऐकायला येणार होत्या.

आणि नेमका दुपारी चिंगीनं मास्तरांच्या ताटातला तळलेला बांगडा पळवला!

मास्तरांचं डोकंच फिरलं. "मेल्या माजरा! माझ्याच घरात रवतंस आणि माझ्याच ताटात तोंड घालतंस?"

बायकोची पाठ वळताच त्यांनी तिच्या लाडक्या चिंगीला गोणीत कोंबलं. गोणीतून नेलेल्या मांजराला परतीची वाट सापडत नाही, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. स्कूटरवरून नदीपार जाऊन त्यांनी एका काजूच्या बागेत चिंगीला सोडलं, गोणही तिथंच भिरकावली आणि तणतणत परतले.

"ओ, चिंगी खंय गेली?" नीरजाबाई कासावीस झाल्या होत्या.

"माका काय इचारतंस? मी काय तिचो राखणदार?"

संध्याकाळी मात्र मास्तर रंगात आले. "उंदीर म्हणजे साक्षात दुष्काळ, अशा त्या काळात धान्याची कोठारं राखली कुणी? मांजरानं! गलबतावर खलाशांच्या जोडीला कोण? मांजर! अशा प्राण्याला घराबाहेर काढणारा माणूस करंटा!" त्यांनी टेबलावर मूठ आपटली. टाळ्या! पहिल्या रांगेत नीरजाबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

तेवढ्यात बागवाला गंगाराम घामाघूम होऊन आत शिरला. काखेत चिंगी, हातात गोण!

"मास्तरांनू! तुमचां माजर माझ्या बागेत इसारलास! गोणीर बसान आरडत होतां!"

"आपला काहीतरी गैरसमज होतोय," मास्तर कसेबसे म्हणाले.

"गैरसमज कसलो? ह्यां बघा!" गंगारामनं गोण उलगडून सभेला दाखवली. भात गिरणीवर नेताना अदलाबदल नको म्हणून घरोघरी गोणीवर नाव घालतात. लाल रंगात, नीरजाबाईंच्याच ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: सदानंद मास्तर, पिंगुळी. "घराक कुलूप होतां, म्हणान हंय घेवन इलंय."

सभा खो खो हसली. नीरजाबाई हसल्या नाहीत. त्या लालबुंद होऊन उठल्या. "करंटो माणूस खंयचो, तां कळलां माका!" चिंगीला उचलून त्या तडक चालत्या झाल्या.

रात्री मास्तरांच्या पुढ्यात नुसती पेज आली.

"बांगडो नाय?"

"कोठाराच्या राखणदाराक दिलंय. तुमी गोणी राखा!"

मास्तरांनी मुकाट पेज ओरपली. समोर चिंगी पाटावर बसून बांगडा खात होती, आणि पाट मास्तरांचा होता!