सुभेदारांचा कणा

आष्ट्याच्या सुभेदार उदयसिंहांनी कंबरेसाठी गोळी खायची नाही असं ठरवलं, तेव्हा घरात कुणाला त्याचं विशेष वाटलं नाही. फौजेतून निवृत्त होऊन आल्यापासून ते रोज काही ना काही ठरवतच असत. "सीमेवर गोळी खाल्ली न्हाई, ती आता आष्ट्यात कशाला खाऊ?" एवढं बोलून त्यांनी डॉक्टरांची पुडी खिडकीत ठेवून दिली. (सीमेवर त्यांच्याकडं रेशनचं कोठार होतं, हे त्यांची बायको राहीबाई पाहुण्यांना सांगत नसत.)

दुखणं मात्र खरं होतं. सकाळी उठायचं म्हणजे ते आधी कुशीवर वळत, मग खाटेचा दांडा धरत, मग देवाचं नाव घेत आणि शेवटी राहीबाईंना हाक मारत. गावातल्या डॉक्टरांनी गोळ्यांबरोबर रोज चालायलाही सांगितलं होतं. सुभेदारांनी गोळ्या सोडल्या त्याच झटक्यात चालणंही सोडलं, आणि खाटेवर आडवं पडून मोबाईलवर कंबरदुखीचा अभ्यास सुरू केला.

या अभ्यासात त्यांना कराडचे डॉक्टर राजवर्धन सापडले. व्हिडिओत हे डॉक्टर माणसाला धुण्याच्या पिळ्यासारखं पिळत, हाडं कडाकडा वाजत, आणि माणूस डोळे पुसत उठून उभा राही. सुभेदारांनी बायकोला सांगितलं की उद्या कायरोप्रॅक्टरकडं जायचंय. राहीबाईंनी शांतपणे विचारलं, की घरात एक ट्रॅक्टर असताना दुसरा कशाला.

कराडच्या दवाखान्यात गारेगार हवा होती आणि कोपऱ्यात प्लॅस्टिकचा कणा टांगलेला होता. सुभेदार दारातून आत येत होते तेवढ्यातच डॉक्टरांनी लांबूनच त्यांचा सरकलेला मणका ओळखला. आधीच्या बाईंचाही नेमका तोच मणका सरकलेला होता, आणि त्याआधीच्या गृहस्थांचाही. दुसऱ्या कुणाला शंका आली असती. सुभेदारांना आदर वाटला. एकाच मणक्याचा इतका अभ्यास असलेला माणूस त्यांनी पाहिला नव्हता.

मग त्यांच्या पाठीला माईक चिकटवण्यात आला (आवाज नीट यावा म्हणून; व्हिडिओ बनत होता), आणि डॉक्टरांनी त्यांना उजवीकडं पिळलं, डावीकडं पिळलं. कडाड आवाज झाला. सुभेदार उठले तर कंबर पिसासारखी हलकी. दुखणं गेलं ते थेट पेठ नाक्यापर्यंत. नाक्यावर ते पुन्हा एस.टी.त चढलं आणि सुभेदारांच्या शेजारी बसून आष्ट्याला आलं.

पण ही नाक्याची गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नाही. उलट गावभर सांगितलं की आपण ठणठणीत आहोत आणि विद्याही शिकून आलो आहोत. पुराव्यादाखल त्यांनी शेजारच्या धुळाला खाटेवर पालथा घालून दाबला. मोठ्ठा कडाड आवाज झाला. धुळा बरं वाटलं म्हणाला आणि लगबगीनं घरी गेला. (आवाज खाटेचा होता, हे रात्री झोपताना कळलं.)

अशात मुलीच्या, शिवांजलीच्या लग्नाची बोलणी आली. मुलगा शिवतेज, मूळचा कोयनानगरचा. त्याचे वडील कृष्णातराव अंगानं भरभक्कम. त्यांचा जन्म घाटात जीप चालवण्यात गेलेला. पोहे झाले, दोन्हीकडून होकाराचे चेहरे झाले, आता तारीख तेवढी धरायची; इतक्यात कृष्णातरावांनी बसल्या जागी कूस बदलली आणि "आई गं" म्हणाले.

सुभेदार उठलेच. शिवांजलीनं डोळ्यांनी नको नको केलं. राहीबाईंनी तर हातातली पोह्यांची ताटली मुद्दाम खाली पाडली. पण सुभेदारांनी पाहुण्यांना उभं केलं, त्यांच्या पाठीला पाठ लावली, दंडात दंड अडकवले आणि श्वास सोडायला सांगून पुढं वाकले.

कृष्णातरावांनी श्वास सोडला. सुभेदारांना कंबरेनं सोडलं.

काही तरी आत लचकलं आणि ते होते तसेच अडकले. वर पाठीवर होणारे व्याही, पाय अधांतरी, तोंड छताकडं.

"सुभेदार, झालं का?" थोड्या वेळानं वरून विचारणा झाली.

"व्हायलंय. हलू नगा."

"मी कुठं हलतोय?" कृष्णातराव म्हणाले, आणि जरा थांबून, "तुमचा पंखा पुसायला झालाय."

शेवटी राहीबाईंनी पाहुण्यांच्या खाली खाट सरकवली आणि शिवतेजनं वडलांना फळीवरून डबा काढावा तसं उतरवून घेतलं. शिवांजली दाराशी उभी होती, ती रडायच्या बेतात आली. कृष्णातराव उठले, इकडं वळले, तिकडं वळले, आणि म्हणाले की लय मोकळं वाटतंय. खरं तर हा पाय जमिनीला लागल्याचा आनंद असावा, पण त्यांनी त्याचं श्रेय उपचाराला दिलं आणि तारीख धरली. सगळे पेढ्यांकडं वळले. सुभेदार अजून वाकलेलेच होते. ते खाली पडलेले पोहे वेचत असतील, असंच सगळ्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांना सांगलीला फिजिओथेरपिस्ट ऋचा मॅडमकडं नेलं. त्यांनी गोळीचं नावही काढलं नाही. साधे व्यायाम दिले, रोज चालायला सांगितलं आणि मोबाईल घेऊन खाटेवर पडणं बंद केलं. म्हणजे गावच्या डॉक्टरांचंच म्हणणं, फक्त सांगलीला जाऊन ऐकलेलं. सुभेदारांनी विचारलं, कडकन काही होत नाही का. मॅडम म्हणाल्या, कडकन होतं ते तुम्ही करून आलायच. आता सरळ व्हायला वेळ लागेल.

लग्न त्याआधीच आलं. फेटा बांधलेले सुभेदार कार्यालयाच्या दारात कमरेत वाकून उभे राहिले, आणि वराकडची माणसं भारावून गेली. मुलीचा बाप, त्यातून फौजी, आणि इतका नम्र. कृष्णातरावांच्या आत्या अंबूबाई पहिल्याच रांगेत बसल्या होत्या. सुभेदार समोरून गेले की त्यांना वाटे पाया पडतायत. दर खेपेला त्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देत. सुभेदारांना अक्षता वाटायच्या होत्या, भटजींना बोलवायचं होतं, पंगतीवर नजर ठेवायची होती. त्यामुळं आशीर्वाद भरपूर मिळाले.

निघताना अंबूबाईंनी राहीबाईंचा हात हातात घेतला.

"नवऱ्याला लय चांगलं वळण लावलंस गं बाई."

"मी न्हाई, आत्या," राहीबाई म्हणाल्या. "ते कराडच्या डाक्तरानं लावलंय."