लाल पट्टीवरचं विद्यापीठ

शिनिंगने परदेशात कुठे शिकायचं, याचा निर्णय चीनमधल्या लोयांगच्या मेंग कुटुंबात सगळ्यांच्या विचाराने झाला, म्हणजे आईने, फांगबाईंनी घेतला. त्यांनी विद्यापीठांची जागतिक क्रमवारी उघडली, अकराव्या मजल्यावरच्या दूबाईंच्या मुलाचं, बोवनचं विद्यापीठ शोधलं आणि त्याच्या बरोब्बर वरचं पोरीसाठी धरलं. ते मेलबर्नला आहे हे त्यांना नंतर कळलं.

"मला कॅनडात स्प्रूसफोर्डला जायचंय," शिनिंग म्हणाली. "मातीचा अभ्यास तिथे चांगला होतो. शिवाय आपल्या इमारतीतलं एकही माणूस तिथे नाही."

"यादीत कितवं आहे?"

"यादीत नाहीये."

"मग जगातही नाही!" म्हणत आई लेकीच्या प्रवेशाच्या मेजवानीच्या तयारीला लागली.

मेजवानी म्हटली की व्यासपीठावर लाल पट्टी आणि तिच्यावर सोनेरी अक्षरांत विद्यापीठाचं नाव हवंच. ते काम बाबांकडे होतं. परदेशी नाव काही त्यांच्या ध्यानात राहीना, आणि बायकोला पुन्हा विचारायची छाती नव्हती. त्यांनी मुलीला विचारलं. मुलीने तत्परतेने नाव पाठवलं, स्वतःच्या पसंतीचं.

"स्प्रूस... फोर्ड?" भरल्या हॉलमध्ये दूबाईंनी पट्टी मोठ्याने वाचली. "कधी ऐकलं नाही बाई! कितवं म्हणायचं हे?"

सगळ्यांचे घास हातातच थांबले. फांगबाईंनी नवऱ्याकडे असं पाहिलं, की तो वाफवलेल्या माशाआड लपायला जागा शोधू लागला. पण पट्टी चुकली म्हणणं म्हणजे चारचौघांत आपल्या हाताने नाक कापून घेणं.

"यादी काय हो, कुणीही बघतं," त्या गोड हसल्या. "यादीतल्या विद्यापीठांचा आता भाजीबाजार झालाय. हे माहीतगारांनाच ठाऊक असतं."

दूबाईंचा चेहरा पडला. शिनिंगला आनंदाने रडूच आलं. आता आईला माघार घेता येणार नव्हती. दुसऱ्याच दिवशी स्प्रूसफोर्डची फी भरली गेली.

महिन्याभराने मायलेकींना लिफ्टमध्ये दूबाई भेटल्या.

"तुमचंच ऐकलं हो," त्या म्हणाल्या. "बोवनचं तिकडचं रद्द करून टाकलं. सातव्या मजल्यावरच्या दोन मुलीही स्प्रूसफोर्डलाच निघाल्यात. शिनिंग, काळजी करू नकोस गं, खोल्या शेजारी-शेजारीच मागितल्यात मी!"

शिनिंगने हताशपणे आईकडे पाहिलं. फांगबाई मात्र खुलल्या होत्या.

"बघ," त्या लेकीच्या कानात म्हणाल्या, "आता येईल ते यादीत!"