शेवंतामावशींचा राबता

शेवंतामावशी रोज दुपारी आमच्या बंद घरात शिरून कुकर लावतात. आत डाळ नाही, तांदूळ नाही, नुसतं पेलाभर पाणी. शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करून निघाल्या पुढच्या घरात. गॅस लवकर संपतो म्हणून मी कुरकुर केली, तर म्हणाल्या, “ग्यास जाईल बाबा, खोली तर ऱ्हाईल! दारात राबता दिसला पायजे.”

हे वेड त्यांना घरमालकाने लावलं. चिंचवडातली आमची चाळ जुन्या भाडेकरूंची. कायद्यामुळे मालकाला मनमानी भाडं वाढवता येत नाही, की सहजासहजी आम्हाला काढता येत नाही. मात्र खोली विनाकारण सहा महिने बंद ठेवली तर हे संरक्षण जाऊ शकतं. मग या महाभागाने काय करावं? आम्ही नवराबायको कंपनीच्या बसने चाकणला गेलो, पोरं शाळेत गेली, की त्याचा माणूस यायचा आणि दारोदारच्या कुलपांचे फोटो काढायचा. ते फोटो कोर्टात, आणि वर तोंड करून म्हणणं काय, तर इथे कुणी राहतच नाही! आम्ही ओव्हरटाइम करून याचं भाडं भरायचं आणि याने आम्हाला जिवंतपणी गायब करायचं. नुसतं डोकं फिरतं.

मावशी कँटीनमधून निवृत्त झालेल्या, एकट्या, कोपऱ्यातल्या खोलीत राहणाऱ्या. त्यांनी सगळ्यांच्या किल्ल्या मागून घेतल्या. बस गेली की सगळी कुलपं काढायची, दारात चपला मांडायच्या, बादलीभर कपडे ओले करून दोऱ्यांवर टाकायचे. कुणाचे कुठे, याचा विधिनिषेध नाही. एकदा माझा लेंगा शेखभाभींच्या दोरीवर वाळत होता. शेखभाई दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

मालकाच्या माणसाने मोबाइल वर केला की मावशी कमरेवर हात ठेवून पुढे. “काढ की फोटू! मढ्यावानी हुबा का? आत ये, च्या पी, आन् शेटला सांग, हितं माणसं ऱ्हात्यात!”

मागच्या आठवड्यात नवे फोटो कोर्टात आले. सगळ्यांची दारं सताड उघडी, फक्त मावशींच्या दाराला कुलूप. मालकाने लगेच त्यांच्या खोलीवर बोट ठेवलं. मी वकिलाकडून तणतणत आलो आणि मावशींवरच घसरलो.

“अख्ख्या चाळीची दारं उघडता, स्वतःचंच नेमकं बंद? खोली जाईल ना तुमची!”

त्या पायरीवर बसल्या.

“तुमच्या घरात पोरांचा पसारा असतो. आवरता आवरता दिस जातो. माझ्यात काय हाय रं? भिंती. मेला तुमच्याबद्दल धादांत खोटं बोलला. माझ्यापुरतं खरं हाय त्याचं. मी तितं निस्ती निजाय जाती.”

“हे कोर्टात बोलायचं नाही!” मी ओरडलोच.

मान हलवून त्या किल्ल्यांचा जुडगा घेत उठल्या.