केरबाआण्णांचा घसा

कोल्हापुरात मला कामाला लावलं, राहायला खोली दिली आणि पहिल्या दिवशी स्वतःच्या ताटातली अर्धी भाकरी वाढली, ती केरबाआण्णांनी. हे आधीच सांगून टाकतो. कारण पुढं त्यांच्या तोंडच्या शिव्या यायच्या आहेत, आणि त्या वाचून कुणी त्यांच्याबद्दल वाईट ग्रह करून घेतला तर मला खपायचं नाही.

मी आजऱ्याकडचा. सातवीतच शाळा सुटली. चार ठिकाणी धक्के खाऊन, लग्नाच्या वयाचा झाल्यावर, घरापासून इतक्या लांब आण्णांच्या सायकल दुकानात येऊन पडलो. कुणी जरा आवाज चढवला की नोकरी गेलीच, असं मला वाटतं. आणि आण्णांना हळू बोलणं ठाऊकच नव्हतं.

त्यांचा सगळा राग फुटबॉलवर. आमच्या पेठेच्या तालमीचा संघ आहे. आण्णा त्या संघाला शिव्या द्यायचे, विरुद्ध संघाला कधीच नाही. "ती परक्याची पोरं. त्यास्नी आपुन कशाला बोलायचं?" गोल मारायला पुढं असायचा तो आमचा राजा, त्याचा नेम चुकला की मात्र मैदानाच्या गॅलरीतून आण्णांची गर्जना व्हायची, "राज्या, मुडद्या, पाय हाय का उसाचं कांडकं? रंकाळ्यातली म्हस तुझ्यापरास जोरात पळती." आणि राजा खरंच पळायचा. सामन्याच्या सकाळी पोरं दुकानावर येऊन शिवी खाऊन जायची, देवळात जाऊन अंगारा लावावा तशी.

मला मात्र आण्णा 'पावणं' म्हणायचे. "पावणं, जरा पाना द्या की." वर्षभरात एक शिवी नाही, म्हणजे मी अजून परका पाहुणाच. मी आतल्या आत झुरायचो.

पेठेतल्या प्रतिष्ठितांना आण्णांचं तोंड सहन व्हायचं नाही. त्यांत सगळ्यात पुढं कापडवाले वसंतराव. "बायामाणसं येत्यात मॅचला. ह्या म्हाताऱ्याला कुणीतरी गप करा," असं ते तालमीत दर बैठकीला म्हणायचे.

गेल्या हंगामात आम्ही आणि खालची पेठ गुणांत बरोबरीला आलो. शेवटचा सामना आम्हा दोघांतच. त्यांचे गोल जास्त, त्यामुळं त्यांना बरोबरी पुरे होती. आम्हाला जिंकायलाच हवं होतं. आणि नेमका तेव्हाच आण्णांचा घसा गेला. डॉक्टरांनी दम भरला, आता ओरडलात तर आवाज कायमचा जाईल.

आण्णांनी मला गॅलरीत शेजारी बसवलं. ते कानात कुजबुजणार, मी ओरडणार.

"म्हणा, राज्या, रताळ्या, झोपलाईस काय?"

मी उभा राहिलो. एवढी माणसं बघून तोंडून भलतंच आलं. "अहो राजाभाऊ, जरा जागे राहा की."

गॅलरी खदखदून हसली. मागून कुणी म्हणालं, "पावणं, सत्यनारायणाचं आवतण द्याय आलाय काय?"

आण्णांनी डोळे वटारले आणि माझ्या कानात फिसकारले, "गाढवा." खरं सांगतो, त्या एका शब्दानं माझा वर्षाचा शीण गेला.

राजाचं मात्र चित्त थाऱ्यावर नव्हतं. मोकळ्या गोलापुढून त्यानं चेंडू आभाळात मारला आणि मान वर करून गॅलरीकडं बघत थांबला. शिवी आली नाही. आण्णा बाकाची कड धरून, ओठ दाबून बसले होते. शिट्टी झाली. गोल कुणाचाच नाही. खालच्या पेठेनं गुलाल उधळला.

तेवढ्यात पुढच्या रांगेतून वसंतराव वळले. "ह्या म्हाताऱ्यानं घालवली मॅच. ऐन वेळेला तोंड मिटून बसला."

माझ्या डोक्यात जाळ झाला. "ए फाटक्या ताग्या, त्यांना गप करा म्हणून वर्षभर कोण कोकलत होतं? तुझी जीभ गजानं मोजून कापाय पाहिजे." आवाज माझाच होता. सगळी गॅलरी वळून बघायला लागली. वसंतराव टोपी सावरत पायऱ्या उतरले. माझा राग काही उतरत नव्हता. अजूनही उतरलेला नाही.

आण्णांचं लक्ष माझ्याकडं नव्हतंच. राजा वर येत होता, चिखलानं माखलेला. तो आण्णांपुढं मान खाली घालून उभा राहिला.

"आण्णा, द्या की. एक तरी द्या."

आण्णांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, वाकले, आणि राजाच्या सोललेल्या गुडघ्यावरचा चिखल बेताबेतानं पुसायला लागले. आण्णांना पोरबाळ नाही. शिवी खाऊन कधी न रडलेला राजा हुंदके देऊन रडला. मागं बाकीचा संघ येऊन उभा राहिला होता. आण्णांनी एकेकाचा गुडघा पुसला, आणि कुणीही घाई केली नाही.

ओरडले नाहीत, तरी त्यांचा आवाज काही परत आला नाही. सुट्टीच्या दिवशी मी पंचगंगेकाठी जाऊन एकटाच ओरडायचा सराव करतो. वसंतरावांना घातली ती शिवी रागाची होती, ती कुणालाही जमते. आपल्या माणसाला द्यायची अजून जमत नाही, मध्येच 'अहो' येतं. पण आण्णांचं देणं मी एक दिवस फेडणार. त्या दिवशी ते गॅलरीत नुसते बसतील, आणि त्यांच्या पोरांना त्यांच्या वाटची एकेक शिवी मी पोचवीन.