डावीकडचा दिवा

अविनाशकाका कुणाच्याही घरी आले की बूट काढायच्या आधी छतावरचे दिवे बंद करतात. आमच्या वास्तुशांतीला भर गर्दीत "काय गं मीनल, इथे ऑपरेशन चालू आहे का?" असं विचारून त्यांनी भटजींनाही अंधारात बसवलं होतं. मग कोपऱ्यातला लॅम्प ओढून भटजींच्या बाजूला ठेवला आणि म्हणाले, आता वाचा पोथी. फोटो सुंदर आले, हे कबूल. पण मला राग यायचा तो आलाच.

अटलांटातल्या एका टीव्ही चॅनेलवर काका लायटिंग डायरेक्टर होते. पहाटे उठून आलेली बातम्यांची माणसं पडद्यावर ताजीतवानी दिसायची, ती यांच्या कृपेने. कोणी कुठे उभं राहायचं तिथे काका जमिनीवर टेपची फुली मारत. ती फुली म्हणजे मार्क. "मार्क सोडायचा नाही" हे त्यांचं ब्रीद. एका बड्या पुढाऱ्याला त्यांनी मुलाखतीआधी खांद्याला धरून मार्कवर परत आणलं होतं. रिटायर झाल्यावर ही शिस्त अटलांटाजवळच्या अल्फारेटा गावात आमच्या नशिबी आली. माझ्या हळदीकुंकवाला नव्याकोऱ्या हार्डवुडच्या जमिनीवर फुल्याच फुल्या.

त्यांना एका नजरेत गप्प करायच्या त्या फक्त नलिनीकाकू. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत दरवर्षी त्यांचं गाणं असायचं. मागच्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. हातपाय सावरले, आवाज परतला, पण चेहऱ्याची डावी बाजू ओघळलेली राहिली. काकूंनी बाहेर पडणंच सोडलं. आम्ही भेटायला गेलो की आतून निरोप यायचा, झोपल्यात म्हणून. फार वाईट वाटायचं.

यंदा काका मंडळाच्या मीटिंगला आले आणि जाहीर केलं, नलिनी गाणार. काकूंची अट एकच होती: डावी बाजू कुणाला दिसता कामा नये.

कार्यक्रम हायस्कूलच्या ऑडिटोरियममध्ये, आणि तिथल्या दिव्यांना हात लावायची परवानगी नव्हती. काकांनी ईमेल केले, फोन केले, शेवटी तिथल्या मॅनेजरला चकल्या खाऊ घालून वश केलं. दुखरे गुडघे घेऊन स्वतः शिडीवर चढले. त्यांची मुलगी रिया खालून "बाबा, प्लीज गेट डाउन" करत होती, तर तिलाच शिडी धरायला लावली. काकूंच्या जागी फुलीवर दुपारभर मी उभी. जरा हलले की ओरडा. काकूंच्या डाव्या बाजूलाही त्यांनी एक दिवा लावला, तेव्हा मात्र मी विचारलं, तिकडे अंधार हवाय ना, मग हा कशाला?

"असू दे. बंदच राहील."

संध्याकाळी पडदा उघडला. काकू फुलीवर उभ्या होत्या. उजवीकडून मऊ उजेड, डावीकडे सावली. पहिलं कडवं सुरेख झालं. काकूंच्या डाव्या हाताला पुढच्या रांगेत बसलेली पोरं टाळ्यांनी ठेका धरायला लागली. काकूंनी क्षणभर नुसतं ऐकलं. मग त्या वळल्या आणि गात गातच त्यांच्या दिशेने चालू लागल्या.

मी दिव्यांच्या बटणांपाशी काकांच्या शेजारी होते.

"काका, काकूंनी मार्क सोडला."

"सोडू दे." डावीकडचा दिवा त्यांनी अगदी हळूहळू वर आणला.

गालावर उजेड आला तशा काकू थबकल्या. त्यांनी आमच्या दिशेने पाहिलं, आणि पुढचं कडवं तिथूनच उचललं.